पिंपाला कान

सातपूरला, चौथ्या गल्लीच्या टोकाला
आमच्या कारखान्यात एक डुगडुगतं स्टूल आहे.
त्यावर चढून गायधनी वैद्य
सागवानी पिंपाला उजवा कान लावायचे.
डावा कधीचाच गेलेला.
मी नवी. पांढऱ्या कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती,
हातात पीएच मीटर.
म्हणाले, थांब जरा, बोलतंय.

अर्जुनसालीचा काढा, चौथाई उरवलेला,
पिंपळगावच्या काळ्या मनुका, मोहाची फुलं, गूळ,
आणि सगळं कोमट झाल्यावर
वरून ओंजळी-ओंजळीनं धायटी.
मग तोंड लिंपायचं, महिनाभर.
छातीच्या दुखण्यावरचं औषध
आणि तपासायची रीतही तीच,
कान लावून.

पहिल्या हंगामात मी शहाणपणा केला.
धायटीत माती होती, मुंग्या होत्या,
एक वाळलेला कोळीसुद्धा.
फुलं वाफेवर धरली, दाबाखाली, वीस मिनिटं,
पुस्तकात आहे तशी.
लाल रंग थोडा उडाला.
नोंदवहीत लिहिलं: निर्जंतुक.
अक्षर चांगलं आलं होतं.

सातव्या दिवशी वैद्यांनी कान लावला.
बूच काढलं, काडी ओढून आत धरली.
विझायला हवी होती.
बोटाला चटका बसेपर्यंत जळत राहिली.
रागावले नाहीत. खाली उतरले,
स्टुलाचा पाय नीट टेकवला, म्हणाले,
"मुकं आहे. फुलांना आंघोळ घातलीस का गं?"

त्याच आठवड्यात हरसूलच्या एसटीनं
जानकी भोये आली, दोन गोण्या घेऊन.
ऐकून तोंडाला पदर लावून हसली.
"उकडेल बी पेरलं त उगवल का, बाई?"

तिच्याकडून मूठभर घेतली, न झटकता.
तिसऱ्या रात्री पिंप बोललं,
शेजारच्या खोलीत कुणी
तांदूळ निवडतंय, इतपत.

नंतरची तीन वर्षं मी त्या आवाजामागे.
बशीत वाढवलं, तारेच्या टोकावर उचललं, पुन्हा बशीत.
एक यीस्ट, फुलाच्या देठापाशी राहणारं,
भिंगाखाली लिंबाच्या बीसारखं.
मोठं नाव नाही लावलं. ध-सतरा म्हणते.

सालीतला रेणू
पाठीवर साखरेचं गाठोडं घेऊन निघतो,
आतड्याच्या दारात त्या ओझ्यानं अडतो,
आणि आल्या पावली शरीराबाहेर.
ध-सतरा गाठ सोडतं,
साखर स्वतः खातं,
रेणू हलका होऊन आत शिरतो.
उपकार वगैरे काही नाही, त्याला भूक असते.
यंत्राच्या कागदावर एक डोंगर खचतो,
शेजारी दुसरा वर येतो,
रामशेजला लागून भोरगड दिसतो तसा.

वैद्यांना कागद नेऊन दाखवला.
चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.
"हे ऐकू यायचं मला," म्हणाले,
"दिसतंही, हे नव्हतं ठाऊक."
आता त्यांचा उजवाही गेलाय. येत नाहीत.

काल जानकीच्या गोण्या काट्यावर चढल्या.
बेचाळीस किलो सहाशे.
काट्यावरचा पोरगा म्हणाला,
मातीचे दोन किलो वजा.
म्हटलं, वजा करू नकोस.
का, मॅडम?
काय सांगणार त्याला.
बाटलीवर घटकांची यादी आहे,
मनुका आहेत, गूळ आहे, मोह आहे,
ध-सतरा कुठल्याच ओळीत नाही.
काट्यावरही त्याचं काही वजन भरत नाही.
"लिही बेचाळीस सहाशे," एवढंच म्हटलं.
जानकीनं माझ्याकडे पाहिलं,
मग सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली,
साडेपाचची गाडी होती तिला.

संध्याकाळी स्टूल ओढलं, चढले.
पिंप क्रमांक नऊ, आज चौथा दिवस.
लाकूड गार. सध्या तरी काही नाही.

थांबलेय जरा.